दृष्टिहीन मुलं एकट्याने फिरायला कशी शिकतात, आणि काठीच्या आधी काय काय लागतं

आईबाबांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, काठी कधी द्यायची. मूल तीन वर्षांचं असो नाहीतर अकरा वर्षांचं, डॉक्टरांनी सांगून झालेलं असतं की नजर येणार नाही किंवा फारशी सुधारणार नाही, मग घरात सगळ्यांच्या डोक्यात ती पांढरी काठी येते, आणि काठीबरोबर भीतीही येते कारण ती हातात आली की अख्ख्या बिल्डिंगला कळणार. मी दृष्टिहीन आणि लो व्हिजनवाल्या, म्हणजे थोडंफारच दिसणाऱ्या मुलांना शिकवते. माझं उत्तर असं असतं की काठी लवकर द्या, आपण समजतो त्यापेक्षा खूप लवकर, पण काठीच्याही आधी बरंच काही शिकायचं असतं आणि त्यातलं निम्मं आईबाबांनी शिकायचं असतं.

या विषयाला ओरिएंटेशन अँड मोबिलिटी म्हणतात, शाळेत सगळे नुसतं मोबिलिटी म्हणतात. यात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे मी आत्ता कुठे आहे आणि जिथे जायचंय ते कुठल्या बाजूला आहे हे डोक्यात असणं, आणि दुसरं म्हणजे तिथपर्यंत न आपटता, न धडपडता पोचणं. काही मुलं मस्त ताठ चालतात पण दोन वळणं घेतली की कुठे आलो ते सांगता येत नाही, काहींना घरापासून शाळेपर्यंतचा सगळा रस्ता तोंडपाठ असतो पण पाऊल टाकायची हिंमत नसते. दोन्ही मुलांना शिकवायची पद्धत वेगळी.

आता अगदी सुरुवातीपासून बघू. दिसणारं बाळ मान का उचलतं? समोर काहीतरी दिसतं म्हणून. चार-पाच महिन्यांचं झालं की खुळखुळा दिसतो म्हणून हात पुढे करतं, मग तो लांब असतो आणि हवा असतो म्हणून सरपटतं, रांगतं. ज्या बाळाला दिसत नाही त्याला हे आमिषच नसतं. आपल्याला वाटतं आवाज आहे की, खुळखुळा वाजवला की येईल ना तिकडे. पण नुसत्या आवाजावरून तिथे काहीतरी वस्तू आहे आणि हात पुढे केला तर ती मिळेल हे कळायला बाळाला वेळ लागतो, पहिलं वर्ष संपत आलं की कुठे ते जमायला लागतं. म्हणून ही बाळं बसतात साधारण वेळेवर पण रांगायला आणि चालायला उशीर होतो आणि घरच्यांना वाटतं पायातच काहीतरी दोष आहे. पायात दोष नसतो हो, बहुतेक वेळा कुठेतरी जावंसं वाटायला कारणच मिळालेलं नसतं.

ते कारण आपण द्यायचं. खुळखुळा आधी त्याच्या हाताला लावा, तिथेच वाजवा, मग बोटभर लांब, मग वीतभर. वस्तू उचलून त्याच्या हातात कोंबू नका, हात वस्तूकडे जाऊ द्या. पोटावर झोपणं या बाळांना अजिबात आवडत नाही कारण मान वर करून मिळतं काय, तर आई किंवा बाबांनी आडवं होऊन बाळाला आपल्या छातीवर पालथं घ्यावं आणि बोलावं, आवाज वरून आला की मान वर येते. आईच्या हातात बांगड्या किंवा पायात पैंजण असतील तर फारच छान, कारण न बोलताही आई आत्ता ओट्यापाशी आहे की दारापाशी ते बाळाला कळत राहतं. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी अशा मुलांसाठी एक छोटीशी खोली बनवली होती, खोली म्हणजे खोकंच म्हणा ना, आत वस्तू लटकवलेल्या, बाळाचा हात हलला की काहीतरी लागतं, वाजतं, आणि पुन्हा हात नेला की ती वस्तू तिथेच सापडते. तिथेच सापडते हे सगळ्यात महत्त्वाचं, जगातल्या वस्तूंना जागा असते हे बाळाला त्यातूनच कळतं. घरात टीपॉयच्या खाली इलॅस्टिकने स्टीलची वाटी, दोन चमचे, किल्ल्यांचा जुडगा असं टांगून ठेवलं तरी पुष्कळ काम होतं, फक्त गाठी पक्क्या मारा, बारीक वस्तू नको आणि मोठं माणूस जवळ हवं.

यानंतरचा टप्पा बिघडतो तो मायेपोटी. मूल चालायला लागतं आणि आपण त्याला कडेवर घेतो. मला कळतं हो, संध्याकाळी दादरच्या पुलावर दिसणाऱ्या मुलालाही कडेवरच घ्यावं लागतं. पण दृष्टिहीन मूल सहा वर्षांचं झालं तरी कडेवर, नाहीतर मनगट धरून ओढत नेलेलं, पाणी पाहिजे तर ग्लास हातात, चप्पल पाहिजे तर चप्पल पायाशी. त्या मुलाला फ्रिज कुठे आहे हे माहीत नसतं, पाणी माठातून येतं की नळातून हे माहीत नसतं, त्याच्या जगात सगळ्या वस्तू कुणाच्या तरी हातातून येतात. मग तेच मूल शाळेत एका जागी बसून पुढे-मागे डोलत राहतं कारण शरीराला हालचाल तर हवी असते, आणि लोक म्हणतात याला सवय लागलीये.

हात धरायची एक पद्धत आहे ती घरातल्या प्रत्येकाने शिकावी, पाच मिनिटांचं काम आहे. आपण मुलाचा हात धरायचा नाही, मुलाने आपला धरायचा. दृष्टिहीन मोठं माणूस असेल तर ते आपल्या कोपराच्या जरा वर धरतं, लहान मूल आपलं मनगट किंवा दोन बोटं धरतं. आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. याने काय होतं, पायरी आली, आपण खाली उतरलो की आपला हात खाली जातो आणि मुलाला न सांगता कळतं. अरुंद जागा आली की आपण हात पाठीमागे घ्यायचा, मूल आपोआप आपल्या मागे येतं. आणि खरी गोष्ट म्हणजे पकड मुलाची आहे, त्यामुळे त्याला पाहिजे तेव्हा ते सोडू शकतं. मनगट धरून ओढलेल्या मुलाकडे हा पर्याय नसतो.

घरात काठी लागत नाही. घरात भिंत असते. परळच्या एका चाळीत सात वर्षांची मुलगी होती, तिला चार दारं सोडून काकूंच्या खोलीत जायचं असायचं कारण तिथे तिची मैत्रीण राहायची, आणि रोज कुणीतरी नेऊन सोडायचं. आजींचं म्हणणं होतं, अहो मॅडम पडली म्हणजे? मी म्हटलं आजी तुम्ही मागे उभ्या रहा, बोलायचं मात्र नाही. मग तिला भिंतीने चालायला शिकवलं. भिंतीकडचा हात कमरेच्या उंचीला जरा पुढे, तळहात नाही तर बोटांची मागची बाजू भिंतीला हलकी टेकलेली, बोटं किंचित आत वळवलेली आणि अंगठा आत. तळहात लावला तर खिळा, फट, दाराची कडी यात बोट अडकतं, मागची बाजू लावली तर फक्त सरकून जातं. हाताला आधी गार भिंत, मग लाकडी चौकट, मग दाराची मोकळी जागा, ती ओलांडताना हात सरळ ठेवून पुढची चौकट शोधायची, मग मीटरचे बॉक्स, मग पुन्हा चौकट. चौथ्या दाराशी काकूंच्या तुळशीची कुंडी, पायाला लागते. दारं मोजायची गरजच पडली नाही तिला, मीटरचे बॉक्स संपले की कुंडी हे तिचं तिनेच ठरवलं. अडचण आली ती शेजाऱ्यांची, कुणीतरी पाण्याचा ड्रम मध्येच ठेवायचं, मग आजीच सगळ्यांकडे जाऊन सांगून आल्या की सामान कठड्याच्या बाजूला ठेवा.

घरासाठी दोन नियम एवढे पाळा. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धवट उघड्या दाराची कड सरळ कपाळावर बसते कारण दोन्ही हात दाराच्या दोन बाजूंनी निघून जातात. आणि फोल्डिंग कॉट किंवा स्टूल हलवलं तर मुलाला सांगा, सांगणंही पुरेसं नाही, हात लावून दाखवा. आणि बोलताना इकडे, तिकडे, ते बघ तिथे हे शब्द बंद. तुझ्या उजव्या हाताला, पाठीमागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, असं बोलायचं. डावं-उजवं शिकवताना मुलाच्या समोर उभं राहू नका, पाठीमागे उभं रहा, म्हणजे तुमचं उजवं तेच त्याचं उजवं.

आता कानांबद्दल थोडं जास्त सांगते कारण यात लोकांच्या खूप गैरसमजुती आहेत. दृष्टिहीन माणसाला भिंत जवळ आलेली कळते, आणि पूर्वी असं मानायचे की ती चेहऱ्याच्या त्वचेला कळते, त्याला चेहऱ्याची नजर म्हणायचे. १९४० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत यावर प्रयोग झाले. चेहरा झाकला तरी लोक भिंतीआधी थांबत होते, कान बंद केले की जाऊन आपटत होते. म्हणजे काम कानांचं, आपल्याच पावलांचा आणि आजूबाजूचा आवाज भिंतीवरून परत येतो तो ऐकायचा. कॅलिफोर्नियातले डॅनियल किश तर जिभेने टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून झाड, गाडी, भिंत ओळखतात आणि ते स्वतः लहानपणापासून दृष्टिहीन आहेत. आपल्या मुलांकडून एवढी अपेक्षा लगेच नको, पण चुटकी वाजवून बाथरूम आणि मोठी खोली यातला फरक ऐकणं चार वर्षांच्या मुलालाही जमतं. कंपाउंडची भिंत चालू असताना आवाज कोंडलेला असतो, गेट आलं की तो मोकळा होतो. स्कायवॉकच्या खाली शिरलो की रिक्षांचा आवाज बदलतो. मुलाला विचारत रहा, आता काय बदललं? नुसतं विचारलं तरी ते ऐकायला लागतं.

मुंबईत यातली सगळ्यात मोठी अडचण पाऊस. पत्र्यावर आणि ताडपत्रीवर पाऊस पडायला लागला की बारीक आवाज सगळे मरतात, साचलेल्या पाण्यात पायाला कडा लागत नाही, गटाराचं उघडं झाकण कळत नाही, एका हातात छत्री एका हातात काठी म्हणजे मोकळा हातच उरत नाही आणि छत्रीवर पडणारा पाऊस पुन्हा कानाशीच वाजतो. म्हणून पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट, आणि तोही डोक्यावरची टोपी कानावर येणार नाही असा. पाणी तुंबलं असेल तर एकट्याने जायचंच नाही, यात कमीपणा काही नाही, तेव्हा डोळसही जात नाहीत. दुसरी नवीन अडचण म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या. बेस्टच्या इलेक्ट्रिक बस आल्या, प्रवासाला छान आहेत पण हळू चालताना त्यांचा आवाज फार कमी येतो, आणि मुलांना आम्ही इतकी वर्षं शिकवत आलोय की इंजिन ऐक मग पाऊल टाक.

मग काठी. काठीला पांढरा रंग देण्याची कल्पना इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांची सांगतात, १९२१ ची, अपघातात दृष्टी गेल्यावर गाड्यांना आपण दिसावं म्हणून त्यांनी स्वतःची काठी पांढरी रंगवली. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये गिली देर्बमाँ या बाईंनी त्याची मोठी मोहीम केली. पण तोपर्यंत ती काठी मुख्यतः दुसऱ्यांना कळण्यासाठी होती. ती पुढचा रस्ता वाचायला वापरायची पद्धत आली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेत व्हॅली फोर्जच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये रिचर्ड हूवर यांनी अंधत्व आलेल्या सैनिकांसाठी लांब, हलकी काठी आणि ती फिरवायची रीत बसवली. हे सगळं मोठ्या माणसांसाठी होतं, म्हणून पुढे कितीतरी वर्षं मुलांना काठी पौगंडावस्थेत आल्यावरच द्यायचे. १९८० नंतर हळूहळू हे बदललं आणि आता बालवाडीच्या वयाच्या मुलांनाही देतात. माझंही ठाम मत तेच आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा काठी दिली की त्याला मित्रांसमोर लाज वाटते, चार वर्षांच्या मुलाला दिली की ते तिच्याशी खेळतं. अगदी लहान असेल तर पीव्हीसी पाइपची चौकोनी चौकट करून देतात, पुढे ढकलत चालायची, मनगट फिरवायची गरज नाही, समोर काही आलं की आधी चौकट आपटते.

काठी किती लांब? सरळ उभं राहून छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी, भराभर चालणाऱ्याला जरा जास्त. मूल वाढतं तशी काठी बदलावी लागते आणि इथेच घोळ होतो, कॅम्पमध्ये एकदा मिळालेली काठी तीन-तीन वर्षं तीच, मूल वाकून चालायला लागतं आणि धोका कळायला एक पाऊल उशीर होतो. हात पोटासमोर मध्यभागी, हलवायचं फक्त मनगट, टोक डावीकडून उजवीकडे खांद्यांपेक्षा जरा जास्त रुंद. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे असतं, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासून होते. लहान मुलांना ही ताल जमायला वेळ लागतो तेव्हा टोक जमिनीवर घासतच न्यायला सांगतो, आपल्या फुटपाथवर तेच बरं कारण एकेक पेव्हर ब्लॉक वरखाली असतो. जिना चढताना काठी उभी धरायची, टोक पुढच्या पायरीला ठक ठक लागत राहतं, लागायचं थांबलं की जिना संपला. उतरताना टोक तिरकं पुढे, ते सपाट जमिनीला टेकलं की आता शेवटची पायरी.

काठीला कमरेच्या वरचं कळत नाही हे मात्र लक्षात ठेवा. फेरीवाल्याच्या ताडपत्रीचा बांबू, ट्रकचा मागचा भाग, एसीचं बाहेरचं युनिट, हे काठी चुकवून थेट तोंडावर येतं. अशा ठिकाणी दुसरा हात चेहऱ्यासमोर आडवा, तळहात बाहेर. दिल्ली आयआयटीने स्मार्टकेन म्हणून एक उपकरण केलंय, २०१४ मध्ये आलं, काठीला बसवायचं, वरच्या अडथळ्याचा अंदाज अल्ट्रासाऊंडने घेऊन मुठीत व्हायब्रेशन देतं. उपयोगाचं आहे, पण साधी काठी नीट आल्यावर.

ज्या मुलांना थोडं दिसतं त्यांचे हाल वेगळेच. कायद्यात, म्हणजे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, नजरेचं क्षेत्र, म्हणजे डोळे न हलवता एका वेळी जेवढं दिसतं ते, १० अंशांपेक्षा कमी असेल तर तेही अंधत्वच धरतात, मग समोरचा बोर्ड वाचता येत असला तरी. असं मूल फळ्यावरचं वाचतं आणि पायातल्या बाकावर धडकतं. काहींना दिवसा दिसतं, संध्याकाळी अंधाऱ्या जिन्यात काहीच नाही. लोक म्हणतात नाटक करतो. नाटक नाही ते. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी, उन्हात पुढे छज्जा असलेली टोपी, आणि संध्याकाळपुरती का होईना काठी, एवढ्याने खूप फरक पडतो.

रस्ता शिकवताना एका वेळी एकच रस्ता. त्यात पक्क्या खुणा आणि कच्च्या खुणा वेगळ्या कराव्या लागतात. गेटचा उतार, गटाराची लोखंडी जाळी, फरशी संपून डांबर सुरू होणं, या कधीही गेलं तरी तिथेच असणाऱ्या खुणा. वडे तळल्याचा वास, देवळातली घंटा, पिठाच्या गिरणीची घरघर, या मदतीला येतात पण दुपारी गिरणी बंद झाली की मूल घर विसरलं असं होता कामा नये. आणि माझी आवडती युक्ती सांगते, रस्ता शेवटाकडून शिकवा. आधी घराच्या दाराजवळचा शेवटचा तुकडाच त्याला एकट्याला करू द्या, बाकीचा तुमच्याबरोबर. मग शेवटचे दोन तुकडे. असं केलं की मूल दर वेळी अनोळखीकडून ओळखीकडे चालत येतं आणि दर वेळी पोचतंच. परतीचा रस्ता हा वेगळा रस्ता समजून शिकवावा लागतो, डावं-उजवं उलटं झालं की मोठ्यांचाही गोंधळ होतो. आणि चुकायचंही शिकवा. थांब, ऐक, शेवटची माहीत असलेली खूण आठव, तिथपर्यंत मागे जा, नाही सापडली तर विचार. विचारताना मी कुठे आहे असं नाही, तर दादा पिठाची गिरणी कुठल्या हाताला आहे असं, म्हणजे उत्तर उपयोगाचं मिळतं.

फुटपाथवर दृष्टिहीनांच्या पायाला कळाव्यात म्हणून बसवतात त्या उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत रहा, गोल टिकल्या म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आपल्या मेट्रोच्या स्टेशनांवर त्या बऱ्यापैकी सलग आहेत, म्हणून मी मुलांना सराव मेट्रोवर आधी करायला सांगते. फुटपाथवर त्या बसवल्यात पण मध्येच खांब येतो, नाहीतर बाईक उभी असते, आणि बाईक लावणाऱ्याला त्या फरश्या डिझाइन वाटतात. मेट्रोत दरवाजे कुठल्या बाजूला उघडणार हेही सांगतात. लोकलमध्ये स्टेशन सांगतात, बाजू आपली आपण लक्षात ठेवायची. प्लॅटफॉर्मवर दिव्यांगांचा डबा जिथे येतो तिथे बीप वाजणारी यंत्रं आहेत, त्या आवाजाकडे जायचं, पण प्लॅटफॉर्मच्या कडेला समांतर नाही, मधल्या भागातून. लोकल हा या सगळ्यातला शेवटचा धडा, त्याची घाई करू नका आणि तो युट्यूब बघून घरच्या घरीही शिकवू नका, शिकलेल्या मोबिलिटी टीचरबरोबरच करा.

असे टीचर कुठे मिळतात? मुंबई या बाबतीत नशीबवान आहे. दादरची मुलींची अंधशाळा १९०० पासून आहे, वरळीचं हॅपी होम मुलांसाठी १९२५ पासून, नॅब म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ मध्ये इथेच सुरू झाली. झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटरही आहे. अंधशाळेत असताना मोबिलिटी रोजच्या वातावरणातच असते. आता बरीच मुलं नेहमीच्या शाळेत जातात, चांगलंच आहे, पण तिथे ब्रेल आणि कॉम्प्युटर कसंतरी होतं आणि मोबिलिटीचा तास कुणाच्याच वेळापत्रकात नसतो. शाळेला लेखी विचारा, कोण शिकवणार आणि आठवड्यातून कधी. आणि मुलगी असेल तर दुप्पट आग्रह धरा. मुलाला दहावीनंतर तरी सोडतात, मुलीला घरचे म्हणतात कुणीतरी असतंच की बरोबर. रोज बरोबर असणारा तो कुणीतरी एक दिवस नसतो, तेव्हा तिला रस्ता माहीत असायला हवा. सुरक्षिततेची काळजी खरी आहे, पण जिला आपण कुठे आहोत हे कळतं आणि चार लोकांना ठणकावून विचारता येतं ती जास्त सुरक्षित असते.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांच्या घरात असं मूल नाही. काठी घेतलेलं मूल फुटपाथवर उभं दिसलं तर लगेच दंड पकडून रस्ता पार करून देऊ नका, ते कदाचित रस्ता ओलांडायला उभंच नसेल, फक्त रिक्षांचा आवाज ऐकत असेल. आधी बोला, मदत हवी का बाळा? नको म्हणालं तर बाजूला व्हा. हो म्हणालं तर कोपर पुढे करा आणि त्याला धरू द्या. काठी उचलू नका, काठीने दिशा दाखवू नका, आणि पलीकडे गेल्यावर सांगा की आता तू फुटपाथवर आहेस, मेडिकलचं दुकान तुझ्या डाव्या हाताला आहे, मी जातो.